बॅटरी किती?

तीर्थरूप मामा,

तुमच्या एकुलत्या एका भाच्याचा साष्टांग नमस्कार. (हा शब्द नुसत्या सवयीने आलेला नाही. मी हे पत्र तुमच्या बोटीच्या केबिनमध्ये, डावीकडच्या बाकावर पालथा पडून लिहितो आहे, कारण बसून लिहावं तर डोकं छताला लागतं. आठही अंगं टेकलेली आहेत. कपाळ तर दोनदा जरा जोरातच टेकलं.) तुमची तब्येत कशी आहे? गुडघे काय म्हणतात? तुमच्या लेकीने, आमच्या ताईने, आणलेल्या तेलाने फरक पडला की नुसताच घरभर वास सुटतो? जावईबापू, नातवंडं आणि तुमच्या तिसऱ्या मजल्याची ती रुसकी लिफ्ट, सगळी मंडळी ठीक असतील अशी आशा करतो. इकडे तुमची भाचेसून मजेत आहे. तिच्या दवाखान्यात कंबरदुखीचे पेशंट वाढलेत आणि त्यातला एक मी आहे. माझी स्वतःची तब्येत आज सकाळी बारा पॉइंट सहा. मधे ती अकरा पॉइंट दोनपर्यंत उतरली होती. हे आकडे माझे नसून बॅटरीचे आहेत हे मला कळतं, पण आठ महिन्यांत आम्हा दोघांची तब्येत एकच होऊन बसली आहे.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही मनात म्हणाल. फोनवर हे बोलता येत नाही. एक तर ताई फोन स्पीकरवर ठेवते आणि मी ऐन रंगात आलो की मधेच आमच्याकडे पाणी नीट येतं का ते विचारते. (पाणी फार नीट येतं, ताई, बोटीत.) दुसरं कारण पुढे येईल. पत्रात कोणी तोडत नाही, आणि मला आता एकदा सगळं ओकून टाकायचं आहे, नाहीतर दुकानात माझं काही खरं नाही. परवा एका बाईंचे डोळे तपासत होतो. जुना नंबर किती, विचारलं, तर त्या म्हणाल्या दीड. माझ्या तोंडून निघून गेलं, "मग संपलाच की तो!" बाई खुर्चीतून उठूनच गेल्या. तीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवतोय, असं कधी झालं नव्हतं.

तर आठ महिन्यांपूर्वीची ती सकाळ आठवा. मामी गेल्यावर तुम्ही एकट्याने राहू नये हे सगळ्यांना पटलेलं होतं, तुम्ही सोडून. ताईची गाडी दारात उभी, सामान चढलेलं, आणि तुम्ही मला कोपऱ्यात ओढून बोटीच्या किल्ल्या दिल्यात आणि त्याबरोबर घडी घातलेला एक कागद. कागदावर तुमच्या टपोऱ्या अक्षरात सतरा सूचना. मला वाटलं, शिडाची निगा, दोरांच्या गाठी, वारा फिरला तर काय करायचं, असलं काहीतरी असेल. सतरापैकी अकरा सूचना बॅटरीवर! बारा पॉइंट सात व्होल्ट असावी. बारा पॉइंट दोन झाल्यास काळजी करावी. बारा झाल्यास इतर कामं सोडावीत. बाराच्या खाली गेल्यास मला तोंड दाखवू नये. का, तर बोटीचं वय झालेलं आहे, इंजिनाचा दांडा जिथून बाहेर पाण्यात जातो तिथून थेंब थेंब पाणी आत येतं, ते तळाशी साठतं, साठलं की तिथला छोटा पंप आपोआप सुरू होऊन ते बाहेर टाकतो, आणि त्या पंपाला वीज मिळते बॅटरीची. म्हणजे बॅटरी गेली की पंप गेला, आणि पंप गेला की बोट तळाला गेली. ते थेंब बंद करता येत नाहीत का, असं मी विचारलं तर तुम्ही माझ्याकडे अशा नजरेने पाहिलंत की जणू मी तुमचं नाकच बंद करायला निघालो होतो. थोडं यायलाच हवं, म्हणालात. हे सगळं तुम्ही मला तीन वेळा समजावलंत आणि तेवढ्या वेळात ताईने सहा वेळा हॉर्न वाजवला.

आता कुठलाही शहाणा माणूस काय करेल? बोट धक्क्याला लावेल. धक्क्यावर खांब आहेत, खांबांना प्लग आहेत, तार जोडायची आणि घरी जाऊन जेवायचं. चाळीस बोटी तिथे रांगेने उभ्या आहेत आणि सगळ्यांच्या बॅटऱ्या गुटगुटीत आहेत. पण तुमची सूचना क्रमांक एक: बोट धक्क्याला लावायची नाही. कारण एकोणीस वर्षांपूर्वी धक्क्याच्या व्यवस्थापकाने तिला "टब" म्हटलं. त्या दिवसापासून आपली बोट खाडीच्या ऐन मध्यावर तरंगत्या बोयाला बांधलेली, किनाऱ्यापासून छोट्या होडीने वल्ही मारत वीस मिनिटं (तुम्हाला बारा, माहीत आहे, होडीवाला कप्तान रोज सांगतो). तो व्यवस्थापक निवृत्त झाला, त्याच्यानंतरचा निवृत्त झाला, आता तिथे एक तरुण मुलगी बसते आणि ती सरसकट सगळ्याच बोटींना गोड म्हणते. पण मी शब्द दिला होता. माझ्यात हजार दोष काढा, मामा, मी शब्द मोडला नाही. त्या भानगडीत माझी कंबर मोडली एवढंच.

पहिला उपाय तुमच्याच कागदावर होता. आठवड्यातून एकदा अर्धा तास इंजिन चालवावं, बॅटरी भरते. वाचायला किती सोपं! पहिले तीन आठवडे माझ्याकडून ते राहिलं (एकदम दोन शाळांची नेत्रतपासणी गळ्यात पडली होती) आणि चौथ्या आठवड्यात गेलो तर अकरा पॉइंट आठ. बटण दाबलं. इंजिनाने घसा खाकरला आणि गप्प झालं. म्हणजे बॅटरी भरायला इंजिन चालू हवं आणि इंजिन चालू व्हायला बॅटरी भरलेली हवी. ही जोडी ज्या कोणी जमवली त्या माणसाला मला एकदा भेटायचं आहे. बोलायचं काही नाही, नुसतं त्याच्याकडे बघायचं आहे. मग पुढची सूचना: बटणाने सुरू न झाल्यास हँडल मारावं. मारलं. पहिल्या फेऱ्यात काही झालं नाही, दुसऱ्या फेऱ्यात हँडलने मला मारलं. इंजिन काही सुरू झालं नाही, खांदा मात्र जो सुरू झाला तो तुमच्या भाचेसुनेने दहा दिवस शेकल्यावर थांबला.

दुसरा उपाय, बॅटरी घरी नेऊन भरणं. चोवीस किलो! ती बाकाखालून उपसायची, केबिनच्या चार पायऱ्या चढवायची, हलत्या बोटीतून हलत्या होडीत उतरवायची (हलतात दोन्ही, पण एकाच वेळी एकाच बाजूला कधीच नाही), वीस मिनिटं वल्ही, मग धक्क्याच्या शेवाळलेल्या पायऱ्या, मग आमच्या घरापर्यंतचा चढ. कप्तान मदतीला होता, म्हणजे पायरीवर बसून मी काय चुकतोय ते सांगत होता. (कप्तान म्हणजे लोकांना धक्क्यावरून त्यांच्या बोटींपर्यंत पोचवणारा तो होडीवाला. तुम्ही ओळखताच. खाडीच्या तोंडापलीकडे गेलेलं त्याला कोणी पाहिलेलं नाही, तरी नाव कप्तान.) चढ चढवायला मी माळ्यावरून आमच्या मुलीची जुनी बाबागाडी काढली आणि बॅटरी गारठू नये म्हणून, म्हणजे खरं तर लोकांना दिसू नये म्हणून, तिच्यावर शाल पांघरली. वाटेत एका आजीबाईंनी वाकून प्रेमाने विचारलं, किती महिन्यांचं? मी इतका दमलो होतो की खरं तेच सांगितलं, "तीन वर्षांचं आहे, पण अंगी काही लागत नाही." त्यांनी मला बालरोगतज्ज्ञाचा पत्ता दिला. असं दर आठवड्याला, दोन महिने. स्वयंपाकघरात ओट्याखाली बॅटरी गुरगुरत भरत पडायची, आणि माझ्या तीन पँटींना आम्लाने अशा ठिकाणी भोकं पडली की त्या दुकानात घालून जायची सोय उरली नाही. बॅटरी घरी असताना तिकडे बोटीत पंप बंद, म्हणून माझा जीव तिकडे टांगलेला. शेवटी भाचेसुनेने जाहीर केलं की घरात राहील तर ती तरी राहील नाहीतर बॅटरी, आणि निर्णय घ्यायला मी जरा वेळ लावला हे तिला अजून खुपतं.

मग मी बॅटरीच्या दुकानदाराकडे गेलो. त्याचा चष्मा मीच केलेला, म्हणून त्याच्यावर माझा विश्वास. त्याने मला सोलर पॅनेल दिलं. छतावर बसवा आणि विसरून जा, म्हणाला. बसवलं. पण बोयाला बांधलेली बोट वाऱ्याप्रमाणे आणि भरती-ओहोटीप्रमाणे गोल फिरते, आणि आपली बोट नेमकी अशा बेताने फिरते की डोलकाठीची सावली दिवसभर पॅनेलवर पडेल. सूर्य इकडे गेला की बोट तिकडे! आणि त्या दुकानदाराने मला नंतर सांगितलं की पॅनेलच्या एका कोपऱ्यावर जरी सावली पडली तरी बाकीचं पॅनेलही काम टाकून बसतं. (आमच्या दुकानातल्या दोन पोरींसारखं. एक चहाला गेली की दुसरीही.) सावली नसेल तेव्हा पक्षी. या खाडीत पक्ष्यांना बसायला चाळीस बोटी, पाऊणशे खांब आणि अख्खा किनारा आहे, पण पोट साफ करायला सगळ्यांना आपलंच पॅनेल लागतं. दर दोन दिवसांनी मी बादली आणि फडकं घेऊन हजर. पक्षी घाबरावेत म्हणून मी एक प्लॅस्टिकचं घुबड आणून बसवलं. पक्षी घुबडाच्या डोक्यावर बसायला लागले, आणि घुबडाची सावली पॅनेलवर. मी हात टेकले.

पण हात टेकून चालणार कसं, बोट बुडेल ना! म्हणून पवनचक्की. तीन पात्यांची, मागच्या खांबावर बसवायची, वारा आला की फिरते आणि वीज करते. खरंच करते. पण फिरताना असा आवाज करते की जणू कोणी मिक्सरमध्ये चमचा विसरलाय. शेजारच्या बोयावर निवृत्त न्यायाधीशांची बोट आहे. त्यांनी ती शांततेसाठी घेतली, ती कधी बोयावरून सोडली नाही, ते तिच्यावर दुपारी झोपतात आणि संध्याकाळी घरी जातात. इकडे वारा नसला की पवनचक्की स्वस्थ आणि बॅटरी उपाशी, वारा सुटला की बॅटरी जेवणार आणि न्यायाधीश जागे होणार. त्यांनी मला लेखी तक्रार पाठवली, चौदा कलमं, त्यात माझा उल्लेख "प्रतिपक्ष" असा. सहाव्या कलमात लिहिलं होतं की प्रतिपक्षाच्या बोटीवरील घुबड टक लावून पाहत असल्याने तक्रारदाराच्या झोपेत व्यत्यय येतो. मी घुबड वळवून ठेवलं आणि पवनचक्कीची पाती काढली. आता त्यांचा निरोप आहे की अगदीच शांत वाटतं, झोप लागत नाही. या माणसाने आयुष्यभर निकाल कसे दिले असतील कोण जाणे.

पाती काढल्याच्या पुढच्याच आठवड्यात घात झाला. मी लग्नाला म्हणून पाच दिवस बाहेरगावी गेलो होतो. परत येऊन केबिनचं दार उघडलं तर घोट्यापर्यंत पाणी आणि त्यात उशा तरंगतायत. अकरा पॉइंट दोन. पंप गतप्राण. मामा, माझ्या तोंडचं पाणी पळालं. (तेवढंच एक पाणी त्या बोटीतून पळालं.) तुम्हाला काय सांगू, हाच एक विचार डोक्यात. मी केबिनमधलं पातेलं घेतलं आणि दीड तास उपसत राहिलो, पातेलं भरायचं, पायऱ्या चढायच्या, फेकायचं, उतरायचं. बोट वाचली. मी काठावर बसून अक्षरशः रडलो, आणि सांगायला लाज वाटत नाही.

त्यानंतर मी बॅटरीवर पहारा बसवला. एक मीटर भिंतीवर, एक बॅटरीवर, एक जो फोनला संदेश पाठवतो आणि एक पहिले तीन खरं बोलतात का ते बघायला. चौघांचे चार आकडे. नंतर कळलं की हे चौघे पहारेकरीही बॅटरीतूनच खातात. मी हे घरी बोललो, आणि पुढच्या रविवारी तुमची भाचेसून मला म्हणाली, चल, मी येते बोटीवर. तिला तुम्ही ओळखता. पेशंट आला की ती आधी काही विचारत नाही, त्याला चालायला लावते आणि नुसती बघत बसते. तशी ती केबिनमध्ये बसली. मी तिला पॅनेल, मीटर, तारा समजावत होतो, तिने हाताने मला गप्प केलं. अर्ध्या तासाने म्हणाली, पंप दर चार मिनिटांनी चालू होतोय, एवढं पाणी आत येतं का? आणि पर्समधून जखमेवर लावायच्या निळ्या औषधाची बाटली काढून चार थेंब तळाच्या पाण्यात टाकले. पाणी निळं झालं. पंप सुरू झाला, निळं पाणी नळीतून वर चढलं, थोडं बाहेर पडलं, पंप थांबला, आणि नळीत उरलेलं सगळं निळं पाणी सुळकन परत खाली आलं. चार मिनिटांनी पुन्हा तेच! मामा, तेच ते दोन तांबे पाणी महिनोन्‌महिने वर जात होतं आणि खाली येत होतं, आणि त्याला वर नेण्यासाठी मी बाबागाडी ढकलत होतो, घुबड आणत होतो, न्यायाधीशांचा प्रतिपक्ष होत होतो. बॅटरीच्या दुकानदाराने खणातून बाटलीच्या झाकणाएवढी एक झडप काढून दिली, पाणी एकाच बाजूला जाऊ देणारी. नळीत बसवली. त्या दिवसापासून बारा पॉइंट सहा. हलत नाही.

आता ते दुसरं कारण. आठ महिने दर रविवारी मी तुम्हाला फोन करतो आणि तुम्ही नमस्कार-चमत्काराच्या आधी एकच विचारता, "बॅटरी किती?" मी चिडायचो. माझी कंबर विचारत नाही, पोरीची परीक्षा विचारत नाही, बॅटरी किती! मग झडप बसवली त्या रविवारी मी शर्टाची कॉलर ताठ करून फोन केला. तुम्ही विचारलंच नाहीत. मीच सांगितलं, मामा, बारा पॉइंट सहा! तुम्ही म्हणालात, "बरं." आणि फोन ताईकडे दिलात. पुढच्या रविवारीही तसंच, आणि त्याच्या पुढच्याही. ताई म्हणाली, दहा वाजल्याशिवाय उठत नाहीत, खाली फिरायला चला म्हटलं तर कशाला म्हणतात, टीव्ही लावून दिला तर बंदही करत नाहीत आणि बघतही नाहीत. ती तुमचं सगळं निगुतीने करते, तिला दोष नाही. पण तुमचं ते "बरं" मला आवडलं नाही.

त्याच अस्वस्थपणात मी कप्तानला सहज विचारलं, की बाबा, मामांनी पॅनेल नाही, पवनचक्की नाही, प्लग नाही, मग एकोणीस वर्षं बारा पॉइंट सात राखली तरी कशी? मी अडाणी गिऱ्हाइकांकडे पाहतो तसं त्याने माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "अहो, वापरलीच नाही की त्यांनी." मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मग त्याने सांगितलं. पंपाची तार तुम्ही कायम काढून ठेवलेली असायची. रोज सकाळी सव्वासहाला तुम्ही होडी सोडायचात, बोटीवर चढायचात, मागच्या बाजूच्या त्या लोखंडी दांड्याने हातपंपाचे चाळीस हात मारायचात, बोट कोरडी, मग थर्मासमधला चहा प्यायचात आणि साडेसातला परत. फक्त रविवारी शीड उभारताना अर्धा तास इंजिन. कप्तान म्हणाला, तुम्ही एक दिवा लावलेला त्याने पाहिला नाही. आणि मामा, तो लोखंडी दांडा! आठ महिने मी त्यावर रेनकोट अडकवतोय! घोटाभर पाण्यात पातेल्याने दीड तास उपसलं तेव्हाही रेनकोट त्यावरच होता! सतरा सूचनांमध्ये बॅटरीवर अकरा, आणि हातपंपावर एक नाही! मी त्या दिवशी दुकान उघडलंच नाही. घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून पडलो.

राग उतरायला दोन दिवस लागले. मग लक्षात आलं की तुम्हाला ठाऊक होतं, हा काही रोज सकाळी जाणार नाही, दुकानवाला माणूस, म्हणून पंपाची तार जोडून ठेवावी आणि याला बॅटरी लिहून द्यावी. माझी सोय बघितलीत. आणि स्वतः मात्र जाताना रोजचे चाळीस हात इथेच ठेवून गेलात, आणि तिकडे तिसऱ्या मजल्यावर उठायचं कशाला हा प्रश्न तुम्हाला पडलाय. मामा, मला नीट बोलता येत नाही, मी चष्मेवाला आहे. पण ही बोट तुम्ही मला दिलीत ती चूक झाली. मला ती झेपत नाही आणि तुम्हाला तिच्याविना चालत नाही, हे मला आता लांबूनही दिसतंय.

तरी काही मनाला लावून घेऊ नये. घरातल्या थोरांना माझा नमस्कार, लहानांना खाऊ, लिफ्टला लवकर बरं वाटो.

तुमचा, आम्लाने भोकं पडलेला,
भाचा

ता.क. मुद्द्याचं राहिलंच. पंपाची तार मी आज काढली आहे. पॅनेल दुकानदाराला परत, मीटर चारही परत, घुबड न्यायाधीशांनी मागून नेलं. बॅटरी बारा पॉइंट सहा असून ती कोणाच्याही उपयोगाची नाही. कप्तानच्या हिशोबाने न उपसता बोट नऊ दिवस तरंगते. हे पत्र तुम्हाला तिसऱ्या दिवशी मिळेल. उरले सहा. तुम्हाला यायला एक दिवस पुरतो. मी दुकान सोडून जाणार नाही, आधीच सांगून ठेवतो. बुडाली तर बुडाली.

ता.क. दुसरा. आमच्या तळमजल्यावरची रस्त्याकडची खोली रिकामी केली आहे. पायरी एकही नाही. धक्का तुमच्या गुडघ्यांनी आठ मिनिटं. भाचेसून म्हणते की वल्ही मारणं गुडघ्यांना त्रासाचं नाही आणि खांद्यांना तर हवंच. ती पेशंटला खोटं सांगत नाही, नवऱ्याला सांगते.

ता.क. तिसरा. मामा, तुमच्या भाचेसुनेचा नमस्कार. हे पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून खाली दोन ओळी लिहिते. घाबरू नका आणि धावपळ करू नका, गाडीत खिडकीची जागा बघून सावकाश या. बोट बुडत नाही. कप्तानने सांगितलं त्याच्या तिसऱ्या दिवसापासून हे रोज सकाळी सव्वासहाला जाऊन चाळीस हात मारून येतात, वर मला सांगतात की फिरायला गेलो होतो. आजपर्यंत दोनदा चष्म्यासकट पाण्यात पडलेत आणि वल्ही उलटी धरतात. आम्हाला तुम्ही इथे हवे आहात, कायमचे, एवढंच यांना लिहायचं होतं, त्याला यांनी इतकी पानं घेतली. फक्त एक कराल का? बोट बुडत नाही हे ताईंना कळू देऊ नका. त्यांना बुडतेय असंच सांगा, नाहीतर त्या तुम्हाला सोडायच्या नाहीत.